दुसरी सुई

म्हादूला पहिली सुई टोचली त्या दिवशी आमच्याकडं कुळथाचं पिठलं केलं होतं आणि ते कुणीच खाल्लं नाही, एवढं मला अजून लख्ख आठवतं. एरवी पिठल्याची खरवड कुणाला मिळणार यावरून आमच्यात भांडण व्हायचं. त्या दिवशी ते चुलीवरच गार झालं आणि वर जाडसर पापुद्रा धरला. म्हादू माझा धाकटा भाऊ. तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा असेल. माझ्या पाठची दोन मुलं आईनं पाळण्यातच घालवली होती, त्यांच्यावर हा झालेला. म्हणून त्याच्या गळ्यात काळा दोरा, कानात बाळी, आणि चारचौघांत आई त्याला नावानं हाक मारायची नाही, ‘धोंड्या’ म्हणायची. मी तेव्हा दुधाचे पुढचे दात पडून नवे आलेली, फ्रॉकच्या खिशात सदा चिंचोके बाळगणारी मुलगी होते.

आमची वाडी नंदिगड्डा गावाच्या वरच्या अंगाला, रानात. मोजकी घरं, मधून ओहोळ, आणि ओहोळाच्या दोन्ही बाजूंनी भाताची खाचरं. माझे वडील मूळचे खानापूरकडचे. लाकडाच्या गाड्यांमागनं ते इकडं आले आणि इथलेच झाले. दसरा झाला की गाडीला बैल जुंपून ते कुळगीच्या बाजूला ओंडके ओढायला जायचे, ते मधूनअधून कधीतरी घरी टेकायचे. शेजारच्या रुक्माकाकीचा नवराही त्यांच्याबरोबरच असायचा. त्यामुळं सुगीच्या दिवसांत आमची दोन घरं म्हणजे जवळजवळ एकच घर. रुक्माकाकीला एकच मुलगी, गंगी. माझ्याच वयाची, पण माझ्यापेक्षा उंच आणि धीट. म्हादूला कडेवर घेऊन ती ओहोळातल्या दगडांवरून उड्या मारत पलीकडं जायची, आणि मी काठावर उभी राहून ओरडायची. म्हादू आईपेक्षा तिच्याकडं जास्त राही. सकाळी डोळे उघडले की ‘गंगी कुठं हाय’ हा त्याचा पहिला प्रश्न.

त्या वर्षी दसऱ्यानंतर लाकूडतोड्यांच्या तळावर पटकी, म्हणजे कॉलरा, आली. तळ आमच्या वाडीच्या वर, डोंगराच्या कुशीत होता. तिथली माणसं घाटाखालून, वरून, कुठून कुठून आलेली. आधी बातमी आली की एक बाई गेली, मग तिचा दीर, मग बातम्याच येईनाशा झाल्या, आणि ते जास्त भीतीचं होतं. कुऱ्हाडींचे आवाज बंद झाले. एवढी शांतता आम्ही कधी ऐकली नव्हती. डोक्यावरून धनेश पक्षी उडत गेला तरी त्याच्या पंखांच्या आवाजानं बायका दचकायच्या. गावकऱ्यांनी तळाकडं जाणाऱ्या वाटेवर काटेरी फांद्या आडव्या टाकल्या आणि देवीला गाऱ्हाणं घातलं. वाट बंद झाली, पण ओहोळ तिकडूनच खाली येतो हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मग सरकारी डॉक्टर आले. देवळाच्या पडवीत त्यांनी टेबल मांडलं, स्टोव्ह पेटवला, पातेल्यात सुया उकळत ठेवल्या. स्टोव्हचा तो घर्र आवाज आणि स्पिरिटचा वास आला की मी आजही नकळत दंडावर हात ठेवते. डॉक्टर तरुण होते, धारवाडकडचे. आपसांत कानडी बोलायचे, पण मराठीही त्यांना चांगलं यायचं. त्यांनी मोठ्या माणसांना एकेक सुई दिली. मुलांची वेळ आली तेव्हा मात्र ते प्रत्येकाचं वय विचारू लागले, आणि वय कुणालाच सांगता येईना. ‘भाद्रपदात झाली, मोठा पूर आला त्या साली,’ असली उत्तरं. शेवटी त्यांनी आम्हाला तोंड उघडायला लावलं आणि दात बघून किती औषध ओढायचं ते ठरवलं. म्हादूसाठी त्यांनी सुईत अगदी थोडंसं ओढलं, माझ्या आणि गंगीसाठी त्याहून जरा जास्त.

आईनं विचारलं, “एवढ्यानं काय हुतंय? मोठ्यास्नी तर भरून दिलंसा.”

“मोठ्या माणसाला आज एकदा पुरे, अव्वा,” डॉक्टर म्हणाले. “लहान पोराला तेवढं एकदम सोसत नाही. म्हणून आज थोडं, पुढच्या आठवड्यात पुन्हा थोडं. अर्धं घेतलं म्हणजे झालं, असं समजू नका. पहिल्या सुईनं अंग नुसतं जागं होतं. दुसरी घ्यायलाच पाहिजे. आणि पाणी उकळून प्यायचं.”

गंगीनं दंड पुढं केला आणि सुई आत जाताना माझ्याकडं बघून डोळा मारला. मी रडले. म्हादू तर असा किंचाळला की पडवीतली कबुतरं उडाली.

संध्याकाळी सगळ्याच मुलांची अंगं तापली. माझा दंड सुजून दगडासारखा झाला. म्हादू मात्र निखाऱ्यासारखा पेटला. आई त्याच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या घालत होती आणि रुक्माकाकी पायाचे तळवे चोळत होती. उजाडायच्या सुमाराला त्याचे डोळे वर गेले. हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला, आणि त्याचं इवलंसं अंग झटके देऊ लागलं. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. आईनं त्याला हाक मारली. ‘धोंड्या’ नाही, ‘म्हादू’ म्हणून हाक मारली, आणि तिनं लपवलेलं नाव असं उघड्यावर घेतलेलं ऐकून मला वाटलं की आता सगळं संपलं. रुक्माकाकीनं त्याला कुशीवर वळवलं, तोंड पुसलं. थोड्या वेळानं झटके थांबले, तो ढिला पडला आणि झोपी गेला. आई मात्र पुढं कितीतरी वेळ त्याच्या नाकाखाली बोट धरून बसली होती.

दुसऱ्या दिवशी तो पेज प्यायला, तिसऱ्या दिवशी गंगीच्या कडेवर बसून हसूही लागला. पण आई पूर्वीची राहिली नाही. ती कुणाशी बोलेना. भांडी घासताना मधेच हात थांबवून ती म्हादूकडं बघत राही. दुसऱ्या सुईचा दिवस जवळ आला तशी ती रुक्माकाकीला म्हणाली, “वरच्या खाचरात माळ्यावर जाऊन ऱ्हाऊया. डुकरं भातात शिरत्यात म्हणून सांगायचं. डाक्टर गेला की येऊ.”

“पर त्यो म्हणला न्हवं, दुसरी घ्यायला पायजे म्हणून?” रुक्माकाकी म्हणाली.

“त्येला काय जातंय म्हणायला. म्हादू माज्या हातात ताठ झालाता. तू बघिटलीस न्हवं?”

“बघिटलं की. पर गंगीला तर काय झालं न्हाई.”

“एकदा झालं न्हाई. दुसऱ्यांदा कोण सांगावं? तुला तर येकच हाय.”

या शेवटच्या वाक्यावर रुक्माकाकी उठली आणि कांबळी गोळा करू लागली. मी चुलीपाशी बसून आठळ्या भाजत होते. पावसाळ्याआधी राखेत घालून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्यांतल्या त्या शेवटच्या. आईचा आवाज चढा नव्हता. समजावल्यासारखाच होता. ती आपल्या मैत्रिणीचं भलंच बघत होती, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

आमचं वरचं खाचर रानाला लागून होतं. तिथं डुकरं राखायला चार मेढींवर उभा केलेला माळा होता, वर गवताचं छप्पर. आम्ही दोन्ही घरची बायकामुलं तिथं जाऊन राहिलो. आम्हा मुलींना ती मजाच वाटली. भात पिवळं पडत आलेलं, वाऱ्यावर त्याचा सळसळ आवाज, आणि दिवसभर डबे बडवायची मोकळीक. खायला नाचणीची भाकरी, भाजलेली सुकी मासळी, आणि वेलावरची शेवटची तवशी, म्हणजे मोठाल्या काकड्या. तवसं फोडून, ओहोळात धुऊन, मीठ न लावताच आम्ही खायचो. पाणीही तिथलंच प्यायचो. घरी आई डॉक्टरांच्या भीतीनं का होईना पाणी उकळायची. इथं एक लहान पातेलं होतं, त्यात पेज शिजायची. ओहोळाचं पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. तळाशी खडे दिसत होते. त्यात काही असेल असं कुणाच्या मनात कशाला येईल?

डॉक्टर वाडीत यायच्या त्या सकाळीच गंगीला जुलाब सुरू झाले. पहिल्यांदा ती हसत परत आली आणि पोट धरून म्हणाली, “तवशी बाधली.” मग पुन्हा गेली. मग तिला उठता येईना. तांदळाच्या धुवणासारखं पाणी तिच्या अंगातून वाहून जात होतं. वांत्याही सुरू झाल्या. ऊन माथ्यावर यायच्या आत तिचे डोळे खोल गेले, गाल बसले आणि बोटांची कातडी धुणं धुऊन आल्यासारखी सुरकुतली. तिच्या पोटऱ्यांत गोळे येत होते. ती ‘पाणी’ म्हणत होती, पण आवाज फुटत नव्हता, नुसते ओठ हलायचे. माझ्याएवढ्या मुलीचा चेहरा म्हातारीचा झालेला मी बघत होते. मला जवळ जायची भीती वाटत होती. माझ्या पोटात काही होतंय का, हे मी सारखी चाचपत होते.

आईच्या आणि रुक्माकाकीच्या तोंडून ‘पटकी’ हा शब्द निघाला नाही. रुक्माकाकीनं गंगीला कांबळ्यात गुंडाळून पाठीवर घेतलं. आईनं म्हादूला उचललं, माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला, आणि आम्ही वाडीकडं निघालो. ज्या डॉक्टरापासून पळून आलो होतो त्याच्याकडंच आता धावत चाललो होतो. बांधावरून, निसरड्या पायवाटेवरून. आई सारखी म्हणत होती, “त्यो गेला नसंल, रुक्मे. त्यो जेवल्याबिगार जायचा न्हाई.” रुक्माकाकी पुढं वाकून झपझप चालत होती. गंगीचा एक हात कांबळ्याबाहेर लोंबत होता आणि पावलागणिक हलत होता.

डॉक्टर गेले नव्हते. ते पडवीत सामान बांधत होते. गंगीला बघताच त्यांनी सगळं सोडलं. पडवीच्या वाशाला मिठाच्या पाण्याची बाटली टांगली, तिच्या हातात शीर शोधू लागले. ती सापडेना. त्यांनी एका हातात बघितलं, दुसऱ्या हातात बघितलं, मग पायात. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता आणि ते कानडीत स्वतःशीच काही पुटपुटत होते. अखेर सुई लागली, पाणी थेंबाथेंबानं आत जाऊ लागलं. रुक्माकाकीनं त्या बाटलीवरची नजर हलवली नाही. दुपार कलली, बाटली बदलली, आणि मधे एकदा गंगीनं डोळे उघडून चौफेर बघितलं. सगळ्यांना वाटलं, परतली. गाई रानातून परत यायच्या वेळेला ती गेली. तिचं डोकं माझ्या आईच्या मांडीवर होतं, कारण रुक्माकाकी तेव्हा डॉक्टरांनी मागितलेलं गरम पाणी आणायला उठली होती.

रुक्माकाकी पातेलं घेऊन आली. सगळ्यांचे चेहरे बघून तिनं पातेलं हळूच खाली ठेवलं, जराही सांडू न देता.

परवा बेळगावात माझ्या नातवाला फ्लूची लस द्यायला सून निघाली, तेव्हा मीही सोबत गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पहिल्यांदाच घेतोय आणि लहान आहे, तेव्हा महिन्याभरानं आणखी एक डोस लागेल, एकावर भागत नाही. सून म्हणाली, महिन्यानं त्याची परीक्षा असते, बघू. तिचं काही चुकलं नाही, साधं बोलणं होतं ते. पण मी पुढची तारीख पुन्हा विचारून घेतली. मी म्हटलं, मी घेऊन येईन. मग न राहवून मी डॉक्टरीणबाईंना त्या जुन्या पटकीच्या सुईबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, “ती लस काही फार खात्रीची नव्हती, आजी. थोडे महिने राखायची, तेही सगळ्यांना नाही. खरं काम पाण्याचं.” मी विचारलं, गंगीनं दुसरी सुई घेतली असती तर? त्या म्हणाल्या, “सांगता येत नाही. आणि त्याच दिवशी घेतली असती तर तिचा काही उपयोग व्हायला वेळच नव्हता.” हे ऐकायला आई आता नाही. असती तरी तिनं ते मानलं नसतं. माळ्यावर नेलं कुणी, आणि तिथलं पाणी पाजलं कुणी, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

गंगी गेली त्या संध्याकाळी डॉक्टरांजवळची लस संपली होती. जाताना ते आईला म्हणाले, “तुम्हीही तेच पाणी प्यालात. पोरांना जुलाब झाले तर लगेच आणा. नाही झाले, तर चार दिवसांनी नंदिगड्ड्याला आणा, मी तिथं आहे. दुसरी सुई घ्या.” आईनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

ते दिवस मी कसे काढले ते सांगता येणार नाही. पोटात गुरगुरलं की मी बोटांची कातडी सुरकुतली का ते बघायची. म्हादू परसाकडं बसला की आई वाकून बघायची. घरात आता सगळं उकळलेलं होतं. पाण्याला धुराचा वास यायचा, आणि ते प्यायला लागलो की मला ओहोळातलं थंडगार पाणी आठवायचं आणि गंगी आठवायची. म्हादू सकाळी उठून विचारायचा, “गंगी कुठं हाय?” आई चुलीत फुंकर घालत बसायची. तिला दोन्हीकडून घेरलं होतं. सुई दिली तर आकडी, न दिली तर गंगीसारखं. ती जेवत नव्हती. एकदा ती म्हादूला घेऊन वाटेला लागली आणि वाडीच्या शेवटच्या घरापासून परत आली.

आम्ही अखेर निघालो त्या सकाळी रुक्माकाकी आपल्या दारात बसली होती. तिला सुतक होतं. आम्हाला बघून ती उठली, पदर खोचला आणि आमच्यामागनं चालू लागली.

आई थांबली. “तू कशाला येतीस, रुक्मे? लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत,” रुक्माकाकी म्हणाली. “तुज्यानं व्हायचं न्हाई. तू परत माघारी येशील.”

गंगी गेल्यापासून त्या दोघी एकमेकींशी पहिल्यांदा बोलत होत्या. वाट खाली उतरून मधेच पुन्हा वर चढत होती. चढ लागला तेव्हा रुक्माकाकीनं आईच्या कडेवरून म्हादूला घेतलं. आईनं देताना हात जरा आखडता घेतला, मग सोडला.

नंदिगड्ड्याला डॉक्टर एका झाडाखाली बसले होते. आईनं त्यांना आकडीचं सगळं सांगितलं. ते तिनं आधी कधी सांगितलंच नव्हतं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, म्हादूची छाती तपासली आणि म्हणाले, “हे मला माहीत असायला हवं होतं. याला पहिल्यापेक्षाही कमी देऊ. आणि आज परत जाऊ नका. इथंच थांबा. ताप चढला तर लगेच अंग पुसून काढायचं. मीही इथंच आहे.” आधी मला टोचली. मी रडले नाही. रडू येण्याइतकीही जागा माझ्या आत उरली नव्हती. मग म्हादूची पाळी आली. आईनं त्याला मांडीवर घेतलं, पण सुई जवळ आली तसा तिनं त्याचा दंड तळव्यानं झाकून घेतला आणि डॉक्टर सुई धरून थांबले. रुक्माकाकीनं म्हादूला उचलून आपल्या मांडीवर बसवलं, त्याचं तोंड आपल्या छातीशी दाबलं आणि त्याचा दंड डॉक्टरांपुढं घट्ट धरला.

दुपारभर आम्ही त्या झाडाखाली बसलो. दोन्ही बायका आळीपाळीनं त्याच्या कपाळाला हात लावत होत्या. उन्हं उतरली तसा त्याला ताप आला. आईनं डोळे मिटून घेतले. रुक्माकाकीनं त्याला ओल्या फडक्यानं पुसून काढलं, पुन्हा पुसलं. त्याचा हात जरा हलला तरी मी वाकून त्याचे डोळे बघायची. डॉक्टर येऊन बघत, नाडी धरत, परत जाऊन बसत. आकडी आली नाही. ताप तसाच राहिला, वाढला नाही, आणि दिवे लागायच्या वेळेला म्हादूच्या मानेवर घाम आला. तो जागा झाला. आपण कुणाच्या मांडीवर आहोत ते त्यानं वर बघून ओळखलं, आणि रोजचा प्रश्न विचारला.

“काकी, गंगी कुठं हाय?”

आईनं पेजेची वाटी जवळ ओढली. रुक्माकाकीनं तिच्याकडं वळून बघितलं नाही. तिनं म्हादूच्या मानेवरचा घाम पदरानं टिपला.

“गंगी न्हाई आता,” ती म्हणाली. “म्या हाय. पेज पितोस?”

तो पितो म्हणाला. रुक्माकाकीनं आईपुढं हात केला, आणि आईनं पेजेची वाटी तिच्या हातात दिली.